सदतिसावी तार

मिरज एमआयडीसीत, तेलाच्या घाण्यामागच्या शेडमध्ये
मी काचेच्या तारांना टोकं काढते.
एकसष्ट तारा, प्रत्येक केसाहून जराशी जाड.
एका बाजूला गोल बसवायच्या, पोळ्यासारख्या,
दुसऱ्या बाजूला एका रेषेत उभ्या,
प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरांसारख्या.
गोल बाजू दुर्बिणीच्या तोंडाशी.
रांगेची बाजू खाली, अंधाऱ्या खोलीत,
जिथं एकेका ताऱ्याचा उजेड
रंग सुटे करून मोजतात.
डोंगर कुठला, ते चलनावर लिहिलेलं नसतं.

आधी तीस मायक्रॉनचा कागद, मग नऊ, मग तीन, मग एक.
शेवटचा कागद बोटाला कागद वाटतच नाही.
आठ काढत घासायचं. इंग्रजी आठ.
मराठी आठाला शेपूट सुटतं,
आणि तिथं काच टवका टाकते.
हे पहिल्या आठवड्यात शिकले, अकरा तारा फुकट घालवून.

आमच्या घरात घासणं जुनं.
पणज्याच्या बापानं तलवारी घासल्या.
गिऱ्हाईकच उरलं नाही, तेव्हा पणज्यानं
भोपळे आणले, तुणीचं लाकूड आणलं.
अब्बांनी पन्नास वर्षं घोडीवरचं हाड घासलं,
इतकं इतकं, की तार टेकावी आणि टेकू नये.
जवारी म्हणतात त्याला.
आता त्यांचा उजवा हात कापतो,
तेव्हा डबा घेऊन येतात,
डावीकडच्या स्टुलावर बसतात.

“ही वाजती का?”
“नाही अब्बा, हिच्यातनं उजेड जातो.”
“किती लांब?”
“चाळीस मीटर.”
“आणि त्याच्या आधी?”
मी म्हटलं, एखादा तारा हजार वर्षं लांब असतो.
ते हसले, चपातीचा घास हातातच.
“हजार वर्षं एकटा आला,
आणि शेवटच्या चाळीस मीटरला तुझी गरज?”

सदतिसावी तीन दिवस छळत होती.
मायक्रोस्कोपखाली टोक तळ्यासारखं स्वच्छ,
एक चरा नाही.
तरी अरुंद सोडलेला उजेड
पलीकडे पसरट निघायचा,
अंगणात फेकलेल्या तांब्याभर पाण्यासारखा.
मी परत घासायची. परत तेच.

अब्बांना मायक्रोस्कोपमधलं दिसत नाही, मोतीबिंदू आहे.
त्यांनी नळीच्या गळ्यापाशी नख फिरवलं.
“टोकात काय बघतीस? मान आवळलीय हिची.
जीवाचा दोरा जास्त दाबला की तंबोरा मुका होतो,
माहीत नाही तुला?”

माहीत होतं.
गुरुवारी पार्सल जायचं म्हणून
मी डिंक तव्यावर पटकन वाळवला होता.
आकसताना त्यानं काच चिमटीत धरली असणार.
कापली. नव्यानं बसवली.
या वेळी डिंकाला रात्रभर त्याचा त्याचा वेळ दिला.
सकाळी सदतिसावी सरळ आली.
बारावी बिघडली होती.

पार्सल सोमवारवर गेलं. साहेब फोनवर काय म्हणाले
ते इथं लिहीत नाही.

एक गोष्ट अब्बांना सांगायची राहिली होती, ती सांगितली.
तारेत शिरताना उजेड कुठल्या कडेनं आला
हे तो बाहेर पडेपर्यंत विसरून जातो.
भिंतीभिंतींवर आपटत येतो ना.
रंग तेवढा विसरत नाही.
इंजिनिअर म्हणतात, आम्हाला हेच हवंय.
अब्बा काही बोलले नाहीत.
तुणीच्या भुशाचा वास
त्यांच्या बाहीला अजून येतो.

मी तपासणीचा लाल पेन एका टोकाला लावला,
दुसरं त्यांच्या हातात दिलं.
अंगठ्यावर, तारांनी पाडलेल्या जुन्या घट्ट्यावर,
मोहरीएवढा ठिपका पडला.
त्यांनी तो पुसून बघितला.
मग दुसऱ्या हातानं, परत एकदा.